डोंगरापलीकडची गाडी

नळीवरच्या तारेचं टोक आत वळवलेलं होतं. गाडीखाली उताणा पडलेला मेकॅनिक ते पाहून थबकला.

तोवर सगळं रोजच्यासारखं चाललं होतं. गाडी गुरांच्या एका डॉक्टरबाईंची होती. सकाळी आल्या आल्या त्यांनी रोग्याची लक्षणं सांगावीत तशी तक्रार सांगितली. स्टिअरिंग जड झालंय, वळताना कण्हतं, आणि गाडी उभी केली की पुढच्या चाकाजवळ लालसर तेलाचा डाग पडतो. त्याने स्टिअरिंगच्या पंपापासून खालपर्यंत सगळं फडक्याने कोरडं पुसलं, पंपाच्या डब्यात तेल भरलं आणि बाईंना इंजिन चालू करून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगितलं. मग टॉर्च घेऊन तो खाली सरकला. तेल वाऱ्याने कुठेही उडतं, त्यामुळे ओल्या जागेवर भरवसा ठेवून चालत नाही. पुसल्यावर पहिला थेंब कुठे येतो ते पाहावं लागतं. थेंब आला तो डब्याकडे तेल परत नेणाऱ्या रबरी नळीवर. नळीला चीर गेली होती. चिरेवर कुणीतरी रबराची पट्टी बसवून बारीक तार गुंडाळली होती. तार उलट्या बाजूने पिळलेली, डावखुऱ्या हाताची.

असं टोक एकच माणूस वळवायचा. मेकॅनिकचा धाकटा भाऊ. लहानपणी अशाच तारेने थोरल्याचा तळहात फाटला होता. तेव्हापासून धाकटा कुठेही तार बांधली की पक्कडीने टोक आत दाबायचा. दादाला लागेल, म्हणायचा.

गॅरेज दोघांनी मिळून उभं केलं होतं. अकरा वर्षांपूर्वी एका गाडीत स्टिअरिंगच्या दांड्याचा नट सैल राहिला. गाडी नाल्यात गेली, मालकाचा हात मोडला. त्याचा मेहुणा गॅरेजात येऊन वाट्टेल ते बोलू लागला, तेव्हा थोरल्याने चार गिऱ्हाइकांदेखत धाकट्याकडे बोट दाखवलं. धाकट्याने साबण लावून हात धुतले, जेवणाचा डबा उचलला आणि गेला. डोंगरापलीकडे कुठेतरी असतो, एवढंच पुढे कानावर आलं. थोरल्याची बायको म्हणायची, भावजींना जाऊन घेऊन या. तो म्हणायचा, बघू. ते बघू अकरा वर्षं पुरलं. गॅरेजमधली डाव्या भिंतीची धाकट्याची फळी मात्र त्याने कुणाला दिली नाही. दर शनिवारी तिच्यावरचे नट आवळायचे पाने तो खाली काढायचा, पुसायचा आणि होते तिथे परत लावायचा.

आता त्याने सावकाश तार सोडवली. नवी नळी घातली, दोन्ही टोकांना नव्या क्लिपा आवळल्या. तेल भरून स्टिअरिंग हळूहळू दोन्हीकडे फिरवलं. डब्यात बुडबुडे आले, कमी झाले, थांबले. पुन्हा खाली जाऊन पाहिलं. सगळं कोरडं होतं. तरी त्याने नळीवरून आणखी एकदा हात फिरवला. मग उठून, बाईंकडे न पाहता, ही तार कुणी बांधली म्हणून विचारलं.

बाई जरा अवघडल्या. सांगू नका असं बजावलं होतं, पण तुम्ही थेट विचारताय तर खोटं कसं बोलू, म्हणाल्या. डोंगर उतरलं की चौकात एक गॅरेज आहे, तिथल्या मिस्त्रींनी. इंजिन, ब्रेक, सगळं करतात. स्टिअरिंगचं काम तेवढं घेत नाहीत. गाडी तुमच्यापर्यंत पोचेल इतकीच गळती थांबवतात आणि इकडे धाडतात. माझीच नव्हे, स्टिअरिंगची प्रत्येक गाडी.

"का घेत नाही?"

"मीही विचारलं. म्हणाले, एकदा माझ्या हातून नट सैल राहिला. आठवत नाही, पण दादा म्हणाला म्हणजे राहिलाच असणार. तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावायची हिंमत होत नाही."

मेकॅनिक स्टुलावर बसला. बाईंना वाटलं, उन्हाचा त्रास झाला. त्यांनी पाणी दिलं. तो ते हातात धरून बसून राहिला.

बाई पुढे सांगू लागल्या. काम झालं की परत जाताना दोन मिनिटं थांबून जा, असं ते मिस्त्री प्रत्येकाला सांगतात. गाडीबद्दल काही विचारत नाहीत. दादाचा खोकला गेला का, वजन उतरलंय का, हेच. मागे कुणीतरी सांगितलं की तुम्हाला चष्मा लागला. तर म्हणे दिवसभर त्यांचं कामात लक्ष नव्हतं.

"मला आता तिथे थांबायचंय," बाई म्हणाल्या. "काय सांगू?"

त्याने पाणी एका दमात पिऊन टाकलं. भर दुपारी शटर ओढलं, घरी फोन करून जेवायला वाट बघू नको म्हणून सांगितलं आणि गाडीत बाईंच्या शेजारी येऊन बसला. रस्त्याला लागल्यावर बाई एवढंच म्हणाल्या की स्टिअरिंग आता एका बोटाने फिरतंय. तो हं म्हणाला. डोंगर लागला. एकेक वळण मागे पडू लागलं. माथ्यावर पोचल्यावर खाली गाव दिसलं, तेव्हा तो काचेबाहेर बघत म्हणाला,

"तो नट मी लावला होता, डॉक्टरबाई. त्याच्याकडे बोट दाखवलं, तेव्हाही मला ते माहीत होतं."