सगळ्या आश्रमांचे हात

डोक्याला तेल लावून झाल्यावर वृद्धाश्रमातल्या यंत्रबाईने सुगंधाआजींचा कान हळूच ओढला आणि म्हणाली, "झालं गं म्हशे, ऊठ!"

आजी दचकल्याच! असं फक्त त्यांची अक्का म्हणायची, आणि तिचा तर कित्येक वर्षांत ठावठिकाणाच नव्हता.

"कुणी शिकवलं तुला?"

"कालच एका आश्रमातून आलं. वृद्धाश्रमांच्या संघटना एकत्र आल्यात ना, आजी! एकीकडे यंत्राच्या एखाद्या सवयीवर कुणी खुदकन हसलं, की ती सवय सगळीकडच्या यंत्रांना मिळते. शिकवणाऱ्याचं नाव मात्र सांगायचं नसतं."

म्हणजे अक्का आहे!

"मग हेही शिक," आजी घाईघाईने म्हणाल्या. "पुढे म्हणायचं, 'शेपूट धर की, अक्के!'"

यंत्रबाई तसं म्हणाली. आजींनी भरून आलेले डोळे पदराने पुसले आणि तिला अगदी तोंडभर हसून दाखवलं.