उचललेला पूल

"कडू झालीय गं," पहिल्याच घोटाला जोआनने तोंड वाकडं केलं. "दरवेळची गोडसर का नाही केलीस?"

"गोड हवं तर पलीकडे सरबत मिळतंय," विल्मा म्हणाली आणि नळाखाली पुढचा ग्लास धरला.

जोआन तिची नणंद. तिने फळ्यावरचं बिअरचं नाव वाचलं. बिअर कडू का झाली, ते तिला कळलं. ही विल्माच्या मुलीची, मारगोची बिअर. पोरीने ती पहिल्यांदा केली, तेव्हा विल्माने चार माणसांत "ही घोड्याला पाजा" म्हणून अख्खं पिंप मोरीत ओतलं होतं. त्या दिवशी घर सोडून गेलेली मारगो परत उंबऱ्याला शिवली नव्हती. आज तीच बिअर, तशीच कडू, आईने स्वतः उकळून, स्वतः निववून धक्क्यावरच्या तंबूत आणून मांडली होती.

कारण मारगो आज बोटीवर होती. कालव्याला दोनशे वर्षं झाली, म्हणून जुन्या मालबोटीसारखी नवी बोट बांधली होती आणि ती बोट सरोवरापासून समुद्राकडे निघाली होती. वाटेतल्या प्रत्येक गावी थांबा, बँड, भाषण आणि त्या गावची बिअर. खलाशी सगळे कालव्याकाठचेच, हौशी. मारगो सुकाणूवर आहे, हे विल्माला पाववाल्याकडून कळलं. आईला कोण सांगतंय.

माफीचा शब्द काही माणसांच्या तोंडात बसतच नाही. विल्माने तो बसवायची खटपटही केली नव्हती. ग्लास पोरीच्या हातात द्यायचा, एवढंच तिने ठरवलं होतं. मारगोची जीभ पक्की होती, आपलीच बिअर तिला एका घोटात कळली असती.

कर्ण्यावरून आवाज आला. बोट मागच्या लॉकमध्ये, पाणी चढवायच्या-उतरवायच्या दारांत, अडकून पडली होती, फार उशीर झाला होता. त्यामुळे ती इथे थांबणार नाही. हळू जाईल. सर्वांनी धक्क्यावर येऊन हात हलवावेत.

तंबू बघता बघता रिकामा झाला. अर्धे ग्लास तसेच टेबलांवर राहिले.

विल्माने ॲप्रनला हात पुसले आणि धक्क्यापुढच्या पुलावर फोन लावला. तिथल्या खोलीत तिच्या भावाचा मुलगा अर्ल बसायचा. पूल उचलायचं बटण त्याच्याकडे.

"अर्ल, पूल उचलू नकोस."

"आत्या, भोंगा वाजला की उचलावाच लागतो."

"अडकला म्हणावं. तुझा पूल आठवड्याला अडकतो, सारं गाव शिव्या देतं. आज एकदा माझ्यासाठी अडकू दे. बोट धक्क्याला लागेल, तेवढंच."

"खोलीत साहेब बसलेत माझ्या. आज खास आलेत." त्याने आवाज खाली केला. "रात्रभर जागून तेलपाणी केलंय गं. मी काय करू?"

"काही नको करूस. बापासारखाच आहेस."

लांबून भोंगा वाजला. घंटा घणघणली, गाड्या थांबल्या, आणि दरवेळी मध्येच कण्हत थबकणारा तो पूल लोण्यातून सुरी जावी तसा वर गेला. दोन मजले वर. साहेब खूश झाले असणार.

विल्माने ग्लास भरला. फेस निवेपर्यंत थांबली, पुन्हा काठोकाठ भरला आणि निघाली. तंबूभोवतीच्या दोरीपाशी पोलिसांचा एक तरुण शिपाई उभा होता.

"काकू, ग्लास दोरीच्या बाहेर नाही नेता येणार. दारूचा परवाना तंबूपुरताच आहे."

"मला सांगतोस? दोरी मीच बांधलीय."

"मग ग्लास ठेवा आणि जा ना पुढे. मी कुठे अडवतोय?"

"रिकाम्या हाताने जाऊन काय करू?"

ती दोरीला पोट टेकवून उभी राहिली. शिपायाने टोपी काढून पुन्हा घातली.

बोट आली. बँड वाजला, लोकांनी हात हलवले. सुकाणूवर मारगो होती. केस कापलेले, खांदे रुंद झालेले. तिने आधी धक्क्यावरची माणसं पाहिली. मग तंबूकडे पाहिलं. फळ्यावर बिअरचं नाव मोठ्या अक्षरांत होतं, तिने दिलेलंच. त्याखाली आई.

विल्माने ग्लास उचलला. हाक मारावी असं वाटलं तिला, पण बँडपुढे कुणाची हाक चालते. ती तशीच ग्लास धरून राहिली. हातावरून बिअर कोपरापर्यंत ओघळली.

मारगो बघत होती. बघत होती हे जोआननेही पाहिलं.

मग बोट पुलाखाली शिरली आणि मारगो वाकली. पार गुडघ्यांपर्यंत, डोकं खाली घालून. बोट पलीकडे निघाली तेव्हा तिची फक्त पाठ दिसत होती. मग पूल उतरला आणि तीही दिसेना.

जोआनने विल्माच्या हातातून ग्लास काढून घेतला.

"सवय गं ती," ती म्हणाली. "इथले पूल किती बुटके. कालव्यावरचं पोर पूल आला की वाकतंच. चालायच्या आधी वाकायला शिकतात."

"हो," विल्मा म्हणाली. "सवयच असेल."

बाकीचे सगळे खलाशी दोन मजले उचललेल्या त्या पुलाखालून ताठ उभे राहून, हात हलवत गेले होते.