उगाच जळणारा दिवा

“आई, ऐकू येतंय का गं?”

आई नुसतीच बघत राहिली. म्हणजे सेल काढलेला होता. पॉलिशवाल्याला हायसं वाटलं. त्यानं स्टूल ओढलं, तिच्या पुढ्यात बसला आणि तिचे पाय मांडीवर घेऊन चेपायला लागला.

आईच्या कानातल्या यंत्राला एवढासा सेल लागायचा, आणि तो मेला महाग. म्हणून घरात ठरलं होतं की सकाळी सेल घालायचा, सुनेशी, नातीशी काय बोलायचं ते बोलून घ्यायचं आणि दुपारी काढून डबीत ठेवून द्यायचा. सगळ्यातच हात आखडला होता. साबणाची वडीसुद्धा अर्धी कापून वापरायची. मंदी आली ती पहिली, तो लाकडाला पॉलिश करायचा त्या फर्निचरच्या कारखान्यावर येऊन पडली. “लोकांकडे कपाटात ठेवायला काही नाही, तर कपाट कोण घेतंय?” मालक म्हणाला, तेव्हा सगळे कामगार खो खो हसले. मग त्यानं खिशातून कुलूप काढलं.

बायकोपुढे रडायची सोय नव्हती, ती आधीच खचलेली. मित्रांची गत तीच. म्हणून रोज संध्याकाळी पॉलिशवाला आईसमोर बसून मन मोकळं करायचा. तिला ऐकू येत नाही, म्हणूनच तर बोलता यायचं.

बायको एकाच गोष्टीवरून चिडायची. तो स्टुलावर बसला रे बसला की आई हात लांब करून दिवा लावायची. “अहो, ह्यांना ऐकायचं नाही न् बोलायचं नाही, मग उजेड कशाला जाळायचा? वीज काय वरून पडते?” आई हसायची आणि दिवा तसाच ठेवायची. दिवसभर ती खिडकीशी असायची. रस्त्यापलीकडच्या घरातलं नवराबायकोचं भांडण बघायची आणि मध्येच एकटीच खुदकन हसायची. म्हातारपण, दुसरं काय! अख्खं आयुष्य कापडाच्या कारखान्यात मागावर गेलं होतं तिचं. “कारखान्यानं माझ्या आईला बहिरेपणाखेरीज काही म्हणजे काही दिलं नाही,” असं तो चारचौघांत सांगायचा.

त्या संध्याकाळी तो सरकारी कचेरीतून आला होता. काम गेलेल्या घराला अर्धा पगार देऊ, असं सरकारनं जाहीर केलं होतं. बायकोनं ते टीव्हीवर ऐकलं आणि बऱ्याच दिवसांनी गोड शिरा केला. पण कचेरीच्या खिडकीतल्या बाईंनी त्याला परत पाठवलं होतं.

“घरात एक पेन्शन असलं की मदत नाही म्हणे,” तो आईला सांगत होता. “तुझं पेन्शन ते केवढं गं! चिमूटभर. त्याच्यापायी सगळं अडलं. बाई म्हणाल्या, सरकारी वृद्धाश्रमात नाव घाला, घरातून नाव कमी करा, लगेच मदत सुरू. मी ताडकन उठून आलो. आईला टाकू का मी? जीभ झडेल माझी.”

पाय चेपणारे हात थांबले.

“पण खरं सांगू, आई? तू नसतीस ना, तर आम्ही तरलो असतो.”

बोलून गेला आणि स्वतःच दचकला. मग तिच्या पायांवर डोकं ठेवून ढसाढसा रडला. आईनं त्याच्या केसांतून हात फिरवला. दुसरा हात लांब करून तिनं दिवा घालवला.

“उगाच जळतोय,” ती म्हणाली.

त्यानंतर आईचं काय बिनसलं कोण जाणे. चहा पांचट, भाजी अळणी, सुनेचा पाय जोरात वाजतो, नात ऐकत नाही. कुणाशी वाकडं न बोललेली बाई ऊठसूट भांडायला लागली. शेवटी एका सकाळी, सेल कानात घालून, तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “मला आश्रमात ठेवा. तिथं माझ्या वयाच्या बायका आहेत. इथे तुमची तोंडं बघून कंटाळले मी.”

“असं काय गं, आई,” तो म्हणाला. आपल्या आवाजात जोर नाही, हे त्याचं त्यालाच कळलं. आईनं पिशवीही स्वतःच भरली. दारातून निघताना मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्याला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. एवढं जिवापाड केलं, आणि ही हसत निघाली!

आश्रमात पोचल्या पोचल्या तिनं सेल काढून डबीत टाकला. तो आश्रमाच्या कचेरीत सह्या करून उठला, तेव्हा ती अंगणातल्या बाकावर बसली होती. अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला पायरीवर एक म्हातारी होती. आईचे ओठ हलत होते. पलीकडे त्या म्हातारीचेही हलत होते. आवाज कुणाचाच नव्हता. मध्येच दोघी एकदम हसल्या.

“हे काय चाललंय?” त्यानं काचेतून बघत तिथल्या सेविकेला विचारलं.

“गप्पा,” ती म्हणाली. “तुमच्या आईही मागावरच्या का? मग झालंच. यंत्रांच्या त्या गोंगाटात कान असून उपयोग नसायचा, त्यामुळे ह्या बायका समोरच्याचे ओठ वाचायला शिकल्या. पायरीवरच्या आजी तर रस्त्यापलीकडचं बोलणं सांगतात. उजेड तेवढा पाहिजे.” मग तिनं त्याच्याकडे नवलानं पाहिलं. “तुम्हाला नव्हतं माहीत?”

“आई...” काचेमागे तो पुटपुटला.

अंगणातून आई आता त्याच्याकडेच बघत होती. तिनं मायेनं मान हलवली, जणू म्हणत होती, असू दे रे.

पॉलिशवाल्यानं झटकन तोंडावर हात धरला.