वरची खोली

"डॉक्टरीनबाई, आधी मांजरीवरच हात साफ करून राहिल्या का?" अम्मीनं चिडवलं.

आलियानं चुन्नीच्या मानेमागची कातडी चिमटीत धरली, संधिवाताची सुई टोचली आणि ऐटीत म्हणाली, "बघच तू, आठ दिवसांत जिना चढती का न्हाई!" सांधे धरल्यापासून ती म्हातारी मांजर वर्षभर खालीच पडून होती.

नवव्या दिवशी चुन्नी खरंच चढली. तडक वर, आलियाच्या भावाच्या, फैजानच्या खोलीत. लातूरच्या क्लासचं दप्तर खुंटीला तसंच होतं. तिनं पलंगाखाली पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, मग उंबऱ्यावर बसून ओरडतच राहिली. फैजानला दफन करून चार महिने झाले होते. चुन्नीला ते आज कळलं.

आलियानं तिला उचलून खाली आणलं. अम्मी पहिल्याच पायरीवर बसली होती. गुडघे दुखतात म्हणून ती चार महिन्यांत एकदाही वर गेली नव्हती.

"अम्मी, उद्या तुलाबी दवाखान्यात नेते. तुझेबी गुडघे बरे होतील."

अम्मीनं चुन्नीला ओढणीत घेतलं.

"नको बेटा. माझे राहू दे दुखत."