पाटी नसलेली खाणावळ

"तिथं नको," एर्मेस म्हणाला. "दारावर जेवणाचे फोटो लावलेत."

फियोरेंझा पुलाच्या पायरीवरच थांबली. दारातला माणूस हात पसरून "या, या, आत जागा आहे" म्हणत होता. त्याच्या मागच्या फळ्यावर सहा भाषांत तेच पदार्थ लिहिले होते.

व्हेनिसमधला त्यांचा हा तिसरा आणि शेवटचा दिवस. संध्याकाळी गाडी होती. कुनेओ गावातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात दोघांनी एकतीस वर्षं पोरांना जेवू घातलं होतं. निवृत्तीनंतरचा हा पहिलाच प्रवास. चर्च पाहिली, कालवे पाहिले, आणि दोन दिवस रबरासारखे मासे खाल्ले.

"एक जेवण," फियोरेंझा म्हणाली. "एक जरी धड मिळालं ना, तरी मी या शहराला माफ करीन."

"मग गर्दीकडे पाठ कर आणि चालायला लाग."

ते चालत राहिले. दुकानं संपली, दोरीवर वाळणारे कपडे दिसू लागले. एका अरुंद कालव्याशी नाव लागली होती. तिच्यातून दोन माणसांनी कोवळ्या आर्टिचोकच्या भाजीची पेटी आणि पावाची पोती उतरवली आणि ते एका दारात शिरले. आतून ताटांचा आवाज आला, हसण्याचा आला.

एर्मेसनं दाराच्या वर पाहिलं. "पाटी नाही."

"म्हणजे चांगलंच असणार," फियोरेंझा म्हणाली आणि तिनं दार ढकललं.

आत दगडी माथ्याची जुनी टेबलं, एका बाजूला लाकडी गल्ला, मागे स्वयंपाकघराचं उघडं दार. दहा-बारा माणसं एका लांब टेबलाभोवती बसली होती. खिडकीशी खुर्चीत एक म्हातारा, मांडीवर शाल, गळ्याशी रुमाल. त्याच्या शेजारी पन्नाशीची बाई हातात चमचा धरून बसली होती.

सगळ्यांनी वळून दाराकडे पाहिलं.

"दोघांसाठी जागा मिळेल का?" एर्मेसनं विचारलं.

चमचेवाली बाई काहीतरी बोलणार होती. पण त्याआधी म्हातारा उठला. त्यानं गळ्याचा रुमाल काढून खांद्यावर टाकला.

"मिळेल की," तो म्हणाला. "भिंतीजवळचं टेबल घ्या. दाराशी वारा लागतो. आज बिगोली आहेत. चालेल?"

"चालेल," फियोरेंझा म्हणाली.

म्हातारा स्वयंपाकघरात गेला. एक दांडगा माणूस टेबलावरून उठून धावतच त्याच्या मागे गेला. बाकीचे तसेच बसून राहिले.

"मालकाचा काय धाक आहे बघ," एर्मेस कुजबुजला. "कोणी घास उचलत नाही."

पाऊण तास गेला. कांद्याचा वास आला, आधी तिखट, मग हळूहळू गोड. फियोरेंझाला राहवेना. ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. म्हातारा मंद आचेवर कांदा हलवत होता, खारवलेले छोटे मासे त्यात विरघळत होते. दांडगा माणूस गॅसच्या बटणाजवळ उभा होता, डोळे पुसत.

"कांदा डोळ्यांत गेला?" तिनं विचारलं.

"हो," तो म्हणाला. कांदा तर केव्हाच चिरून झाला होता.

"तुम्ही स्वयंपाकी आहात," म्हातारा तिच्याकडे न बघता म्हणाला.

"कशावरून?"

"कढईकडे बघताय. बाकीचे माझ्याकडे बघतात." त्यानं कालथा थांबवला. "याला घाई केली की हा रुसतो, बाई. मग कितीही साखर घाला, बोलत नाही." आणि एकदम बाहेरच्या दिशेनं ओरडला, "निवेस! पाव कुठाय? गिऱ्हाईक ताटकळलंय!"

बाहेर काहीतरी फुटलं. पाव घेऊन निवेस आली. मघाची चमचेवाली बाई तीच.

"रोज एवढं ओरडतात का हो तुमच्यावर?" एर्मेसनं हळूच विचारलं.

"नाही," निवेस म्हणाली. "रोज नाही."

मग बिगोली आल्या. जाड, खरखरीत शेवया, वर तपकिरी रस, बाकी काही नाही. फियोरेंझानं पहिला घास घेतला आणि काटा खाली ठेवला. एर्मेस घाबरला.

"काय झालं? खारट आहे?"

"एकतीस वर्षं मी कांदा चिरला, एर्मेस," ती म्हणाली. "आणि मला कांदा माहीतच नव्हता."

त्यानंही खाल्लं. लहानपणी पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा त्याला असंच वाटलं होतं. दोघांनी पावानं ताट पुसून घेतलं. म्हातारा दारात उभा राहून ते पाहत होता. त्याच्या मागे सगळी माणसं उभी होती आणि तीही पाहत होती.

"पुरे झालं?" त्यानं विचारलं.

फियोरेंझा उठली आणि तिनं त्याचे दोन्ही हात हातात घेतले. म्हाताऱ्यानं नुसती मान हलवली, जसं काही हे रोजचंच आहे.

एर्मेस पाकीट काढत निवेसकडे गेला. "किती झाले? आणि नाव सांगा या जागेचं. कुनेओतल्या प्रत्येकाला इथं पाठवणार आहे मी."

निवेसनं त्याचं पाकीट हळूच मिटलं.

"हे आमचं घर आहे," ती म्हणाली. "खाणावळ अकरा वर्षांपूर्वी बंद झाली. चार वर्षं बाबा कोणाला ओळखत नाहीत, बोलत नाहीत, भरवल्याशिवाय घास घेत नाहीत. उद्या त्यांना वृद्धाश्रमात पोचवायचं होतं, म्हणून आज सगळे शेवटचं भेटायला जमलो होतो."