बारावं कलम
धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यात टायपिस्ट असलेली भार्गवी बाळंतपणाच्या रजेवर होती, तेव्हाच तिला कामावरून काढल्याचं पत्र आलं. “नशीब म्हणायचं आणि गप्प बसायचं,” आई म्हणाली. महिन्याचं बाळ आईकडेच सोपवून भार्गवी धारवाडच्या सायबर कॅफेत गेली. तिथं सरकारी वेबसाइटवर बाळंतिणींच्या हक्कांचा अख्खा कायदा सगळ्यांसाठी खुला होता. बाळंतपणाच्या रजेवरच्या बाईला कामावरून काढणं बेकायदा आहे, असं सांगणारं बारावं कलम तिनं दोनदा वाचलं आणि छापून घेतलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिनं आलेलं पत्र आणि तो कागद मॅनेजरपुढे ठेवला. कागद बघून त्यानं विचारलं, “कुठला वकील गाठलास?” “वकील नाही, साहेब. मीच वाचलंय. तुम्हीही वाचा.” त्यानं कंपनीच्या वकिलाला फोन लावून कलम वाचून दाखवलं. पलीकडचं उत्तर ऐकून त्याचा चेहरा उतरला. फोन ठेवून तो कामावरून काढल्याचं पत्र फाडायला निघाला. “फाडू नका, साहेब,” ती म्हणाली. “त्यावर ‘रद्द’ असं लिहा आणि खाली सही करा.”