हात खिशात

इस्पितळाच्या तळघरात नोंदी सांभाळणाऱ्या तीन मशीनपैकी मधलं मशीन अकरा बेचाळीसला अडखळायला लागलं, आणि धाकटीच्या बाळाची फाईल नेमकी त्याच्याच ताब्यात होती.

धाकटी सकाळी सहापासून वर तिसऱ्या मजल्यावर, प्रसूतीच्या खोलीत होती. तिच्या पोटावरच्या पट्ट्यातून बाळाच्या ठोक्यांची रेघ खाली तळघरात येत होती आणि फाईलमध्ये उतरत होती. तळघरात तिची थोरली बहीण ड्यूटीवर. रजा टाक म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं. "वर बसून मी काय दिवे लावणार?" म्हणत ती कामावर आली होती.

वरून डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "आत्ताचे ठोके दिसतायत, पण मागची रेघ उघडत नाही. ठोके मधूनच खाली जातायत. सकाळपासूनचं बघितल्याशिवाय मी ठरवू कसं, थांबायचं की पोट उघडायचं?"

"पाच मिनिटं द्या," थोरली म्हणाली.

एसी बघायला आलेले फ्यूजकाका एव्हाना मशीनच्या मागे पोचले होते. इस्पितळाचे इलेक्ट्रिशियन. तीस वर्षं फ्यूज बदलून बदलून त्यांचं खरं नाव तेही विसरले असावेत. त्यांनी वायरला हात घातला. "अडलेल्या मशीनला एकच औषध. काढायची, परत लावायची."

"काका, हात मागे."

काकांनी हात मागे घेतला, तोंड मात्र नाही. "का बरं?"

"फाईल तिघांनाही दिसते, पण लिहायचा हक्क एका वेळी एकालाच. आत्ता तो याच्याकडे आहे. शेवटची काही मिनिटं अजून याच्या हातात असतील, डिस्कवर उतरलेली नसतील. वायर काढली की ती गेली."

"मग शेजारच्याला सांग, याचा हक्क हिसकावून घे म्हणून."

तसं बटण पडद्यावर होतं. लाल. "आणि हा अजून लिहीत असला तर? दोघं एकाच पानावर लिहितील, सहापासूनच्या सगळ्या रेघेचा चिखल होईल."

"मग करायचं तरी काय?"

"बाकीच्या दोघांनी याच्याशी बोलणं बंद करायचं. मग हा स्वतःशी नव्वद सेकंद मोजतो, हातातलं सगळं खाली उतरवतो आणि आपणहून हक्क सोडतो. तोवर नवे ठोके धाकटीच्या उशाशी असलेलं यंत्र सांभाळतं."

"म्हणजे वाळीत टाकायचं याला," काका म्हणाले. "आणि मोजायच्या आधीच मेला तर?"

थोरलीनं बाजूच्या दोन्ही मशीनना गप्प केलं. पडद्यावर आकडे सुरू झाले.

दारामागे जुन्या साहेबांच्या अक्षरात एक कागद चिकटवलेला होता: 'नव्वद सेकंद. हात खिशात.' साहेबांनी एकदा ऐंशीव्या सेकंदाला लाल बटण दाबलं होतं. दहाच सेकंद राहिले होते हो. तेवढ्यात एका वॉर्डाच्या आठवड्याभराच्या नोंदी नासल्या. कागद त्यांनी त्याच दिवशी लिहिला. तेव्हापासून या खोलीत जो कुणी असेल तो खिशात हात घालून उभा राहतो. नवी माणसं हसतात, पण एकदाच.

थोरलीच्या कपड्यांना खिसा नव्हता. पहाटे हाताला लागलं ते घालून ती धाकटीला घेऊन निघाली होती. तिनं सरळ काकांच्या कोटाच्या डाव्या खिशात हात घातला.

"अगं!"

"तुमचा उजवीकडे घाला."

काकांनी घातला. डाव्या खिशात चिकटपट्टीचं एक रीळ होतं, ते थोरलीनं मुठीत धरलं. चाळीस. मधल्या मशीनचा दिवा विझला. काकांनी तिच्याकडे पाहिलं, ती दिव्याकडे बघत राहिली. साठ. फोन वाजायला लागला. तिनं तो वाजू दिला. हात एकदा बाहेर आला तर तो फोनवरच थांबेल याची तिला खात्री नव्हती. मनातल्या मनात ती त्या लोखंडी डब्याला विनवत होती, धाकटीला लहानपणी पायऱ्या उतरताना विनवायची तशी. ऐंशी. लाल बटण तिथंच होतं.

नव्वद.

मधल्याचा दिवा एकदा लागला. पडद्यावर ओळी उमटल्या. लिहून झालं. हक्क सोडला. पाठोपाठ डावीकडच्यानं घेतला. मग मधल्याचा पंखा घरघरत थांबला, तो कायमचाच.

पंधरा वर्षं ती हे काम करत होती. हे असंच होतं, हे तिनं कितीतरी जणांना फळ्यावर काढून शिकवलं होतं. आज तिला भरून आलं. त्या मशीनला कुणाचा आवाज येत नव्हता, पलीकडे कुणी उरलंय की नाही तेही त्याला कळत नव्हतं. तरी त्यानं शेवटपर्यंत मोजलं, आणि हातातलं जपून खाली ठेवलं.

फोन परत वाजला. या वेळी तिनं उचलला.

"उघडली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सकाळपासून हेच चाललंय. खाली जातात, पण दर वेळी सावरतंय बाळ. नाही उघडत पोट. थांबू या."

थोरली खुर्चीत बसली. पडद्यावर तिनं रेघ मागे नेली, अकरा चव्वेचाळीसपाशी. काका वाकून, चष्मा कपाळावर चढवून शोधायला लागले.

"लिहिणारा हात कुठे बदलला?"

"इथंच कुठेतरी."

रेघ खाली जात होती, वर येत होती, पुन्हा खाली जात होती. सगळे ठोके जागच्या जागी होते.

"मला तर काहीच दिसत नाही," काका म्हणाले.

"मलाही नाही."

काकांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. मग, पलीकडे कुणी झोपलेलं असावं इतक्या हळू आवाजात त्यांनी विचारलं, "काढू का गं हात आता?"